पाताळाचा उतारा

आमच्या बोरगाव-निपाणी पट्ट्यात जमीन दोनदा मोजतात. पहिल्यांदा सरकार मोजतं आणि सरकारनं चुकीची मोजली हे दाखवायला दुसऱ्यांदा शेजारी मोजतो. तिसरी मोजणी कोर्टात होते, पण ती बघायला मूळ पक्षकार सहसा हयात नसतात. ऊस आणि तंबाखू ही इथली नगदी पिकं असं भूगोलाच्या पुस्तकात छापलेलं असतं. बांधावरचं भांडण त्यात धरलेलं नाही. वास्तविक त्याला पाणी लागत नाही, खत लागत नाही आणि ते बारमाही येतं.

एकेका बांधाचं सोडाच, आमचा अख्खा मुलूखच बांधावर आहे. 1956 साली राज्यं नव्यानं आखली आणि आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. 1966 साली महाजन आयोग बसला. त्यानं 1967 मध्ये निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव आहे तिथंच ठेवावं असं सुचवलं. कर्नाटकाला ते पटलं, महाराष्ट्राला पटलं नाही. 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. मधल्या काळात आम्ही बाजाराला इचलकरंजीला जातो, कचेरीला पूर्वी चिकोडीला जायचो आणि आता निपाणीला जातो. उतारा कन्नडमध्ये काढतो आणि त्यात चूक निघाली की मराठीत बोलतो.

अशा मुलखात आमचे आप्पा मोजणी खात्यात उभी हयात काढून निवृत्त झाले. नात्यानं ते माझे चुलते. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट गुणिले तेहेतीस फूट, सोळा आण्यांचा एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एक एकर, हे त्यांना शुभंकरोतीच्या आधी येत असावं. 1830 च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून जमीन मोजून सारा ठरवायची नवी पद्धत बसवली. आप्पा त्या दोघांबद्दल असं बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, कालपरवाच चिकोडीच्या कचेरीतून बदलून गेलेत. ‘विंगेटसाहेबाच्या वेळचं टिपण आहे, त्यावर बोलायचं काम नाही,’ हे त्यांचं शेवटचं वाक्य असायचं. त्यानंतर बोलणं थांबायचं आणि भांडण सुरू व्हायचं.

तर मी मेघालयात गुहा शोधायला आणि मोजायला जाणाऱ्या एका चमूबरोबर निघालो होतो. घरात मी ‘गुहा’ म्हणालो तेव्हा कुणी वर बघितलं नाही. ‘सर्व्हे’ म्हणालो आणि आप्पांच्या झोपाळ्याची कडी वाजायची थांबली.

‘सर्व्हेला जातोस? मग घरात माणूस असताना बाहेरची कशाला नेतोस?’

चमूतल्या एकाला ऐनवेळी रजा मिळाली नव्हती. आप्पांची साठी उलटून बरीच वर्षं झालेली. पण जन्मभर दुसऱ्यांच्या बांधावरून चालल्यामुळं अंगावर चरबी नाही आणि पाय काटक. एका सोप्या गुहेत एक दिवस चालेल, असं ठरलं. ही चर्चा आमच्यात झाली. आप्पांची बॅग आधीच भरलेली होती. तीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग, शिसपेन्सिली, पन्नास मीटरची फीत आणि लोखंडी पत्र्याची चुन्याची डबी.

मेघालयात गुहेला ‘क्रेम’ म्हणतात. राज्याच्या दक्षिण अंगाला चुनखडीचा पट्टा आहे आणि त्यावर चेरापुंजी-मौसिनरामचा पाऊस पडतो. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पाणी थोडं आंबट होतं, चुनखडीच्या भेगेत शिरतं आणि लाखो वर्षं तिला विरघळवत बसतं. शिलाँगची मेघालय अॅडव्हेंचरर्स असोसिएशन, तिचे ब्रायन खारप्रान डेली आणि बाहेरदेशचे गुहावाले मिळून 1992 पासून दर कोरड्या हंगामात हे पोकळ डोंगर मोजत आलेत. हजाराहून जास्त गुहांची नोंद झालीय. क्रेम लियात प्राह ही एकच गुहा तीस किलोमीटरांच्या वर भरते. क्रेम पुरी ही साडेचोवीस किलोमीटरची, तीही वालुकाश्मातली; तेवढी लांब वालुकाश्माची गुहा जगात दुसरी मोजली गेलेली नाही.

आप्पांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. ‘तीस किलोमीटर,’ ते म्हणाले, ‘आणि उतारा कुणाच्या नावावर?’

त्याचं उत्तर सकाळी गावच्या मुखियाच्या अंगणात मिळालं. तिथं जमीन बहुतेक कुळांची, गावाची किंवा घरांची असते, सरकारची फार थोडी. त्यामुळं गुहेत उतरायचं तर आधी मुखियाची परवानगी. आम्ही लाकडी बाकावर बसलो. लाल चहा आला, बिनदुधाचा. मग क्वाय आली: ओल्या सुपारीची फोड आणि चुना लावलेलं विड्याचं पान. क्वाय दिल्याशिवाय तिथं बोलणं पुढं सरकत नाही. आप्पांनी पान निरखून पाहिलं, चुना बोटावर घेऊन पाहिला आणि खिशातून आपली डबी काढून मुखियापुढं धरली. दोघांनी एकमेकांचा चुना चाखला. दोघांनीही मान हलवली. दुभाष्याची गरज पडली नाही.

‘इथला चुना पूर्वी बंगालभर जायचा,’ मी माहिती पुरवली. ‘सिल्हेटचा चुना म्हणून प्रसिद्ध होता. हा समोरचा डोंगर सगळा चुनखडीचाच आहे.’

आप्पांनी डोंगराकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘डोंगरभर चुना,’ ते म्हणाले, ‘आणि तंबाखू सगळी निपाणीला. देवाची वाटणी बघ. पोटहिस्सा चुकलाय.’

इथं थोडं सांगायला हवं. आप्पा जैन आहेत. आमच्या बोरगावात जैन घरं पुष्कळ. कांदा नाही, बटाटा नाही, दिवस मावळल्यावर जेवण नाही. तंबाखूबाबत त्यांनी स्वतःपुरता एक निकाल दिलेला आहे: ती गिळत नाहीत, सबब ती जेवणात येत नाही, सबब तिला सूर्यास्त लागू नाही. या निकालावर घरात अपील चालू आहे.

मुखियाशी बोलताना निघालं की आसाम आणि मेघालयाचाही हद्दीचा वाद आहे. 1972 साली मेघालय आसामातून वेगळा झाला तेव्हापासूनचा, बारा ठिकाणी. आप्पांचा चेहरा उजळला. परमुलखात गाववाला भेटावा तसे ते सरसावून बसले. त्यातल्या सहा ठिकाणांचा मार्च 2022 मध्ये दोन्ही मुख्यमंत्र्यांनी दिल्लीत करार करून निकाल लावला, असं मी सांगितल्यावर मात्र ते गोंधळले.

‘सहा मिटली?’

‘हो.’

‘आपसांत?’

‘हो.’

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग वही काढून त्यांनी ते लिहून घेतलं. का, ते मी विचारलं नाही.

गुहेचं तोंड सुपारीच्या बागेमागच्या झाडीत होतं. गुहेचं आणि गावाचं नाव मी देत नाही. गुहावाल्यांत तो रिवाज आहे, कारण नाव छापून आलं की पुढच्या सुट्टीत तिथं कुरकुऱ्यांची पाकिटं उगवतात. आम्ही हेल्मेट चढवली, दिवे बांधले. आप्पांनी हेल्मेटखाली टोपी काढली नाही. गांधी टोपीवर हेल्मेट बसत नव्हतं, तेव्हा हेल्मेटचा पट्टा सैल केला गेला.

‘कोरलंय कुणी?’ तोंडाशी उभं राहून त्यांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. आपल्या महाराष्ट्रात गुहा म्हटली की अजिंठा, वेरूळ, कार्ले. आपला काळा कातळ लाव्ह्याचा, तो पाण्यात विरघळत नाही. त्यामुळं आपल्याकडं मोठी गुहा हवी असेल तर माणसाला छिन्नी घेऊन पिढ्यान्‌पिढ्या बसावं लागलं. मी म्हणालो, ‘कुणी नाही. पाण्यानं केलंय.’

‘टेंडर न काढता,’ आप्पा म्हणाले आणि आत शिरले.

आमच्या चमूत एक इंग्रज गृहस्थ होते, आप्पांच्याच वयाचे, दरवर्षी येणारे. शिलाँगचा एक तरुण होता, तो चित्र काढणार होता. इंग्रज गृहस्थांना मराठी येत नव्हतं आणि आप्पांचं इंग्रजी खात्यातल्या कागदांपुरतं. पण ‘स्टेशन’, ‘बेअरिंग’, ‘ऑफसेट’ आणि ‘टेप’ हे चार शब्द दोघांचेही होते आणि दिवसभर ते त्यांवर मजेत गप्पा मारत राहिले. मला वाटतं, तेवढ्या शब्दांत दोघांचे संसारही एकमेकांना सांगून झाले.

गुहेची मोजणी तत्त्वानं सोपी आहे. एका ठिकाणी खूण करायची, तिथून दिसेल तेवढ्या लांब दुसरी खूण करायची आणि दोन्हींमधल्या रेषेचे तीन आकडे घ्यायचे: लांबी, दिशा आणि चढ-उतार. मग प्रत्येक खुणेशी डावी भिंत किती, उजवी किती, वर छत किती, खाली जमीन किती. असं करत पुढं. पूर्वी यासाठी फीत, होकायंत्र आणि उतारमापक लागायचं आणि ते वाचायला चिखलात गाल टेकावा लागायचा. मग बेआट हीब नावाच्या एका स्विस गृहस्थांनी घराच्या खोल्या मोजायच्या लेझर यंत्रात दिशा आणि उतार सांगणारा सर्किट बोर्ड बसवला. त्याला डिस्टोएक्स म्हणतात. लाल ठिपका समोरच्या खुणेवर पाडायचा, बटण दाबायचं, तिन्ही आकडे थेट फोनवर.

आप्पांनी यंत्र हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. ‘साखळी ओढायला माणूस लागत नाही?’

‘नाही.’

‘मग भांडायला कुणाशी?’

खूण करायला इंग्रज गृहस्थांनी खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली. भडक गुलाबी. गुहावाले जगभर तेच वापरतात. ओल्या दगडावर टिकतं, छोटा ठिपका पुरतो आणि दिव्यात चमकतं. आप्पांची खात्यातली खूण म्हणजे दगड पुरायचा, खाली कोळसा घालायचा आणि पंचांच्या सह्या घ्यायच्या. त्यांनी गुलाबी ठिपक्याकडं पाहिलं, मग मोठ्या गंभीरपणे बाटली मागून घेतली. पुढचे सगळे ठिपके त्यांनी मारले. एवढ्या काळजीनं मारले की शेवटी त्यांच्या अंगठ्याचं नखही झालं होतं. बोरगावात परतल्यावर ते नख काकूंनी पाहिलं आणि त्यावर वेगळी चौकशी बसली.

तिसऱ्या-चौथ्या खुणेशी घोटाळा झाला. आकडे नीट आले असतील तर एकच रेषा तीनदा मोजल्यावर तिन्ही वेळा जवळपास सारखी यावी. आमची दर खेपेला वेगळी. दिशा आठ-दहा अंशांनी इकडंतिकडं. इंग्रज गृहस्थांनी सगळ्यांना लांब उभं केलं. घड्याळं काढली. चाकू काढला. माझ्या चष्म्याची काडी तपासली. शिलाँगच्या मुलाचा जादा दिवा वीस पावलं मागं ठेवला. रेषा तरी नाचतच होती. आप्पा खुणेशी बसून यंत्र टेकवायला दगड धरून होते आणि अधूनमधून ‘बेअरिंग, बेअरिंग’ म्हणून हळहळत होते. शेवटी इंग्रज गृहस्थांची नजर त्यांच्या सदऱ्याच्या खिशाकडं गेली. यंत्रापासून वीतभर अंतरावर लोखंडी पत्र्याची डबी.

‘साहेब, चुनाच आहे,’ आप्पा म्हणाले. ‘हे सगळं चुनाच आहे की.’

डबी मागं जाऊन दिव्याशेजारी बसली. रेषा जाग्यावर आली. चाळीस वर्षं सरकारी होकायंत्रं का बिघडत होती याचा आप्पांना तिथं उलगडा झाला असावा, कारण ते एकदम गप्प झाले आणि मग हळूच म्हणाले, ‘सदलग्याच्या त्या दोन भावांना आता काही सांगून उपयोग नाही.’

पुढं गुहा रुंद झाली. छत दिव्याच्या टप्प्याबाहेर गेलं. आणि आप्पांच्या तोंडून सवयीनं ते वाक्य गेलं जे त्यांनी हजारो वेळा शेतात म्हटलं असेल: ‘हरकत आहे का कुणाची?’

गुहेनं ते परत केलं. ‘...कुणाची?’

वरून फडफड झाली. इंग्रज गृहस्थांनी ओठावर बोट ठेवलं. छताच्या एका खळग्यात वटवाघळं लटकली होती. हिवाळ्यात त्यांना उठवलं की त्यांची साठवलेली शक्ती खर्च होते, म्हणून त्यांच्याखालून हळू जायचं, दिवा वर रोखायचा नाही. आप्पांनी कुजबुजत विचारलं, ‘यांची हरकत आहे?’

मग त्या खळग्याच्या पलीकडं बसून मी त्यांना आपल्या जिल्ह्यातल्या वटवाघळाची गोष्ट सांगितली. ही छतावरची ती नव्हती, पण गोष्ट इथलीही आहे. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडे नावाची गुहा आहे, भीमगडच्या जंगलात. तिथल्या मोठ्या कानाच्या एका वटवाघळाचं वर्णन 1913 साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या ओल्डफिल्ड थॉमस यांनी केलं आणि मुंबई इलाख्यातले जंगलाधिकारी रॉटन यांचं नाव त्याला दिलं. नंतर जवळजवळ नव्वद वर्षं हे वटवाघूळ जगात दुसरीकडं कुठं म्हणून सापडलं नाही. बेळगाव जिल्हा हाच त्याचा एकमेव पत्ता. आणि मग 2000 च्या आसपास एकदम कंबोडियात सापडलं, इथं मेघालयात सापडलं.

आप्पांना एवढंच महत्त्वाचं वाटलं: ‘म्हणजे मूळ गाव खानापूर?’

‘कागदोपत्री हो.’

‘राज्य कुठलं लावलंय?’

‘1913 साली मुंबई इलाखा.’

त्यांनी मान डोलावली. ‘मग त्याचंही प्रकरण 1956 पासून प्रलंबित म्हणायचं.’

दुपारच्या जेवणाला कोरड्या दगडावर बसलो. गुहेत एक कण सांडायचा नाही, असा नियम. बाहेरचं अन्न पडलं की बुरशी येते, मुंग्या येतात आणि आतल्या जीवांचा संसार मोडतो. आम्ही चॉकलेटं पिशवीत वाकून खात होतो. आप्पांनी दशमी घडीवर घडी घालून ओंजळीत धरून खाल्ली आणि चटणीचा एक दाणा पडला तो बोटानं टिपून तोंडात टाकला. हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. चालतानाही ते पायाखाली बघत चालत होते, एखादा रातकिडा चिरडू नये म्हणून. इंग्रज गृहस्थ माझ्या कानाशी म्हणाले की इतक्या वर्षांत इतका चांगला गुहावाला त्यांनी पाहिला नाही. मी ते आप्पांना सांगितलं नाही. त्यांनी ते पेन्शनच्या फाइलला जोडलं असतं.

दुसऱ्या टोकाला एक खड्डा लागला, तिथून खाली वाट दिसत होती. आप्पांनी हात आडवा केला. ‘दिवा सोडला का?’

मला कळेना. मग कळलं. आमच्या भागात जुन्या वाड्यांत जमिनीखाली ज्वारीची पेवं असत. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाशी, हळदीची पेवं होती आणि सांगलीचा हळदीचा बाजार त्यांवर उभा राहिला; 2005 च्या महापुरात पाणी शिरून त्यांची मोठी नासाडी झाली. बंद पेवात धान्य श्वास घेतं, हवेतला प्राणवायू संपवतं आणि जड वायू तळाशी साठतो. झाकण काढून लगेच उतरणारा माणूस वर येत नाही. म्हणून आधी दोरीनं दिवा सोडायचा. तो विझला तर कुणी उतरायचं नाही. आमच्याकडं हवा मोजायचं यंत्र होतं आणि त्यानं हवा चांगली असल्याचं सांगितलं. आप्पांनी यंत्राचं ऐकून घेतलं आणि तरी इंग्रज गृहस्थांकडून काडी पेटवून घेतली. दोघं म्हातारे खड्ड्याच्या काठावर पालथे पडून ज्योतीकडं बघत होते. ज्योत सरळ उभी राहिली. ‘मंजूर,’ आप्पा म्हणाले.

त्या खालच्या वाटेनं आम्ही फिरून पुन्हा वरच्या दालनात, आपल्याच एका गुलाबी ठिपक्याशी निघालो. गुहा मोजणाऱ्यांना याहून मोठा आनंद नाही, कारण आता आपली चूक किती ते कळतं: मोजत मोजत जिथून निघालो तिथंच यायला हवं, आकड्यांनी मात्र थोडं बाजूला आणून सोडलेलं असतं. आमचा फरक एक टक्क्याच्या आत आला. सगळ्यांनी एकमेकांचे हात दाबले. आप्पांनी हिशेब मागितला, फोनवरचे आकडे फुटांत करून घेतले आणि चकित झाले.

‘एवढा फरक? आणि सगळे हसताय? आमच्याकडं एवढ्यात दोन खून पडतात.’

तेवढ्यात घड्याळात पाच वाजत आले. आप्पांनी आणखी एक दशमी काढली. फेब्रुवारीत तिकडं सूर्य आपल्यापेक्षा लवकर मावळतो आणि बाहेर पोचेपर्यंत अंधार होणार होता. खाताना त्यांनी वर छताकडं बघून इंग्रज गृहस्थांना विचारलं, ‘सनसेट?’ त्यांनीही वर छताकडं बघितलं, मग घड्याळाकडं, आणि नम्रपणे सांगितलं, ‘नॉट येट.’ पूर्ण अंधारात बसून सूर्यास्ताआधीचं जेवण वेळेत उरकल्याचं समाधान मी प्रथमच पाहिलं.

रात्री मुक्कामी आकडे संगणकात गेले आणि पडद्यावर गुहा उमटली. आधी नुसती एक वाकडीतिकडी रेघ, मग शिलाँगच्या मुलाच्या टिपणावरून भिंती, दगड, पाणी. चारशे मीटरांच्या वर भरली. सगळे पडद्याभोवती उभे. आप्पा कोपऱ्यात वही घेऊन बसले होते. त्यांनी आपलं टिपण स्वतंत्र काढलं होतं, खात्याच्या रीतीनं, खाली चतुःसीमेसह. ती मी उतरवून घेतली:

‘पूर्वेस: अंधार. पश्चिमेस: अंधार. दक्षिणेस: पाणी, वहिवाट चालू. उत्तरेस: वाट अरुंद, मोजणीदार आत जाऊ शकला नाही. कब्जेदार: वटवाघळं, अंदाजे दोन-अडीचशे. हरकत: घेतली नाही.’

इंग्रज गृहस्थांनी त्याचा अर्थ विचारला. मी जमेल तसा सांगितला. त्यांनी टिपणाची फोटोप्रत मागून घेतली आणि आप्पांनी ती देताना नियमाप्रमाणं सही आणि तारीख घातली.

त्याच रात्री चहा घेताना कुणीतरी मावम्लुह गुहेची गोष्ट काढली. चेरापुंजीजवळच्या या गुहेतल्या चुनखडीच्या एका खुंटावर, थर तपासताना, 4,200 वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळाची खूण सापडली. त्या खुणेवरून 2018 साली भूवैज्ञानिकांच्या जागतिक संघटनेनं पृथ्वीच्या इतिहासाचा एक नवा कालखंडच आखला. आज आपण ज्यात जगतोय त्याचं अधिकृत नाव मेघालय युग. आप्पांनी दोनदा खात्री करून घेतली. अख्ख्या जगाच्या काळाची हद्द, आणि ती एका खुंटावर!

‘कुणी हरकत घेतली नाही?’

‘घेतली की. काही शास्त्रज्ञांनी जाहीर विरोध केला.’

‘मग मोजणी बरोबर झालीय,’ आप्पा म्हणाले आणि झोपायला गेले.

बोरगावात आल्यावर ते गप्प बसतील असं आम्हाला वाटलं होतं. पण आमच्या जुन्या वाड्यात माजघराखाली एक पेव आहे. वरच्या फरशीखाली दगडी झाकण, आत पोट सुटलेली पोकळी, तळाला राखेचा थर. ते बुजवून वर टाइल्स घालायचं चाललं होतं. आप्पांनी काम थांबवलं. दोन दिवस झाकण उघडं ठेवलं, तिसऱ्या दिवशी दिवा सोडला आणि डोळ्यांत तेल घालून वर उभ्या असलेल्या तीन माणसांच्या देखरेखीखाली पेव मोजून काढलं. लांबी, दिशा, उतार, डावं, उजवं, वर, खाली. गल्लीत बातमी पसरली तशी आणखी दोन-तीन घरांनी आपली पेवं दाखवली. एकाचं पेव शेजारच्या घराखाली तीन फूट गेलेलं निघालं. ते प्रकरण आता वेगळं चालू आहे.

म्हणून निपाणी, चिकोडी, कागल, शिरोळ या भागातल्या वाचकांना विनंती. तळेवाडीची गुहा बघायला गर्दी करू नका. भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे आणि त्या गुहेत त्या वटवाघळांची पिल्लं वाढतात. परवानगीशिवाय तिथं आपलं काही काम नाही. पण घराखाली पेव असेल तर फरशी घालण्याआधी कळवा. पेवात आधी दिवा सोडा. विझला तर उतरू नका आणि विझला नाही तरी एकट्यानं उतरू नका. आप्पा येऊन मोजून देतात, नकाशा देतात, चतुःसीमा लिहून देतात. फी घेत नाहीत. जेवण मात्र कांद्याशिवाय आणि दिवस मावळायच्या आत ठेवा.